भाकरी, मटकी आणि मोठं आतडं : फायबर वाढवायची चार आठवड्यांची रीत

सातारा-सांगलीकडच्या ताटात फायबर कमी पडायला खरं तर काही कारण नाही. माणदेशातली मटकी आणि हुलगा, जत-आटपाडीची ज्वारी-बाजरी, कोरेगावचा वाघ्या घेवडा, कृष्णाकाठची वांगी, थंडीत बांधावरून येणारी हरभऱ्याची भाजी, सगळं दाराशी आहे. तरीही कमी पडतं, कारण हे सगळं बाजारात असतं आणि ताटात दुसरंच असतं.

एका नोकरदाराचा रोजचा दिवस धरू. सकाळी चहा आणि दोन खारी. डब्यात चाळलेल्या पिठाच्या तीन चपात्या आणि बटाट्याची भाजी. संध्याकाळी मूठ-दोन मूठ भडंग. रात्री भात आणि तुरीची आमटी. हिशेब असा लागतो: खारीचं पाऊण ग्रॅम, चपात्यांचं सात, बटाट्याचं दीड, भडंगाचं दीड (त्यातलंही अर्धं शेंगदाण्याचं), भाताचं दोन, आमटीचं पावणेदोन. एकूण साडेचौदा ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मोठ्या माणसासाठी रोज किमान २५ ग्रॅम सांगितलं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने २००० कॅलरीच्या आहाराला ३० ग्रॅमच्या आसपास लागतं. म्हणजे हा माणूस पोटभर जेवूनही अर्ध्यावरच आहे.

ही अर्धी वाट कोणतीही पावडर विकत न घेता चार आठवड्यांत चालता येते. अट एवढीच की घाई करायची नाही. फायबर सुरू करून सोडून देणारे बहुतेक लोक पहिल्याच आठवड्यात पोट फुगलं म्हणून सोडतात, आणि पोट फुगायचं कारण फायबर नसतं, त्याचा वेग असतो.

आत नेमकं काय घडतं

फायबर म्हणजे धान्य, डाळी, भाज्या, फळं यांतला तो भाग, जो आपले पाचकरस तोडू शकत नाहीत. जुना शब्द चोथा. पण चोथा म्हटलं की निरुपयोगी उरलेलं डोळ्यांसमोर येतं, आणि तिथेच गैरसमज सुरू होतो. लहान आतड्यातून न पचता पुढे गेलेला हा भाग सुमारे दीड मीटर लांबीच्या मोठ्या आतड्यात पोहोचतो. तिथे अब्जावधी जिवाणू राहतात आणि त्यांचं हे रोजचं जेवण आहे.

जिवाणू ते आंबवतात. त्यातून तीन मुख्य आम्लं तयार होतात: ॲसिटेट, प्रोपियोनेट आणि ब्युटिरेट. ब्युटिरेट महत्त्वाचं, कारण मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी आपली बहुतेक ऊर्जा त्यातूनच घेतात. म्हणजे हे अस्तर रक्तातल्या साखरेपेक्षा जिवाणूंनी बनवलेल्या आम्लावर जास्त जगतं. आंबवताना वायूही निघतात: हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काही जणांत मिथेन. थोडा गॅस होणं हे काम चालू असल्याचं लक्षण आहे, त्याला घाबरू नका. फायबर मिळालंच नाही तर काय होतं? उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की उपाशी जिवाणू आतड्याच्या अस्तरावरचा संरक्षक चिकट थरच खायला लागतात.

आता 'प्रीबायोटिक'. हा शब्द १९९५ मध्ये ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रोबरफ्रॉइड यांनी मांडला. पोटातले उपयोगी जिवाणू निवडून ज्याचा वापर करतात आणि त्याचा फायदा आपल्या शरीराला होतो, ते प्रीबायोटिक. कांदा, लसूण आणि गव्हातलं इन्युलिन व त्याच्या जातीची साखळी-शर्करा, आणि कडधान्यांतली रॅफिनोज-स्टॅकिओज ही त्याची घरातली उदाहरणं. सगळं फायबर प्रीबायोटिक नसतं. गव्हाचा कोंडा फारसा आंबत नाही, तो मळाला आकारमान देतो. इसबगोल पाणी धरून जेलीसारखा होतो, पण जिवाणू त्याला फारसे तोंड लावत नाहीत. आंबणारं आणि न आंबणारं, दोन्हींची गरज आहे, म्हणून एकाच पदार्थावर भिस्त ठेवू नका.

दही-ताक हा वेगळा विषय. त्यात जिवाणू असतात, जिवाणूंचं अन्न नसतं. ताक प्या, चांगलंच आहे, पण ताकाने फायबरची जागा भरत नाही. रात्रभर ताकात आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची आंबील सकाळी उकळली की तिच्यातले जिवाणू मरतात. तरीही ती उपयोगाचीच, कारण ज्वारीचा चोथा तिच्यात शाबूत राहतो.

आधी तीन दिवसांची नोंद

काहीही बदलण्याआधी तीन दिवस, त्यातला एक सुट्टीचा, जे खाल ते वहीत लिहा. पदार्थ शिजवण्याआधीच्या वजनात धरा, कारण खालचे आकडे कच्च्या मालाचे आहेत. वजनकाटा नसेल तर एकदा किराणा दुकानात आपल्या घरची वाटी नेऊन त्यात किती डाळ, किती पीठ मावतं ते मोजून घ्या. ते एक मोजमाप पुढे वर्षभर पुरतं.

१०० ग्रॅममागे फायबर ढोबळमानाने असं: गव्हाचं न चाळलेलं पीठ ११ ग्रॅम, ज्वारी १०, बाजरी साडेअकरा, नाचणी ११. पांढरा तांदूळ आणि मैदा दोन्ही पावणेतीन. चुरमुरे अडीच, पोहे साडेतीन. अख्खा हरभरा २५, अख्खे मूग १७, अख्खा मसूर जवळपास १७, घेवडा-राजमा १६ ते १७, मटकी १५. तूरडाळ ९, हुलगा ८. जवस २६, शेंगदाणे १०. पेरू साडेआठ. शेवग्याच्या शेंगा पावणेसात, मेथी आणि गवार पाचच्या आसपास, वांगी आणि भेंडी चार. डाळिंब पावणेतीन, स्ट्रॉबेरी अडीच, पिकलेलं केळं दोन, बटाटा पावणेदोन, द्राक्षं एकाच्या थोडं वर.

या यादीत दोन गोष्टी नीट बघा. एक, ज्वारी आणि गव्हात फारसा फरक नाही. भाकरीचा फायदा ज्वारीतल्या जास्तीच्या फायबरमुळे आहे असं सगळीकडे सांगितलं जातं, ते बरोबर नाही. फायदा दुसरीकडे आहे: भाकरीचं पीठ सहसा चाळलं जात नाही, एका भाकरीला ५० ते ६० ग्रॅम पीठ लागतं तर चपातीला २५ ते ३०, आणि गव्हात असलेली गॅस करणारी फ्रुक्टान साखळी ज्वारीत नाही. म्हणून ज्यांचं पोट गव्हाने फुगतं त्यांना भाकरी सोसते. दुसरी गोष्ट, मोठी उडी कडधान्यात आणि पेरूत आहे. तासगावची द्राक्षं आणि बेदाणे कितीही चांगले असले तरी फायबरसाठी त्यांच्यावर अवलंबून राहता येत नाही. बेदाण्यात साखर १०० ग्रॅममागे ६० च्या वर जाते. उसाच्या रसात फायबर जवळपास शून्य, कारण चोथा गुऱ्हाळाबाहेर पडतो.

नोंदीबरोबर मळाकडेही लक्ष द्या. संकोच वाटतो, पण हाच खरा मापक आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिस्टल तक्त्यात मळाचे सात प्रकार आहेत. १ आणि २ म्हणजे लेंड्यांसारखा कडक, गाठीगाठीचा. ३ आणि ४ म्हणजे सलग, मऊ, न कुंथता होणारा. इथे पोहोचायचं आहे. ६ आणि ७ म्हणजे पातळ. आतड्यातून अन्न जायला किती वेळ लागतो हे बघायचं असेल तर एका जेवणात मक्याचे उकडलेले दाणे थोडे कमी चावून खा आणि ते कधी दिसतात ते लिहून ठेवा. एक ते तीन दिवस चालतात. त्याहून जास्त लागले तर चाल मंद आहे.

चार आठवडे

नियम एक: आठवड्याला पाच ग्रॅमपेक्षा जास्त वाढवायचं नाही. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंची संख्या आणि जात नव्या अन्नाप्रमाणे बदलायला दिवस लागतात. एकदम १५ वरून ३५ वर गेलात तर आंबवणाऱ्यांना जेवण मिळतं, पण त्यांनी केलेला हायड्रोजन वापरून टाकणारे जिवाणू अजून वाढलेले नसतात. मग तो गॅस तुमच्या पोटात.

पहिला आठवडा पिठाचा. दळण आणताना चपातीच्या पिठाची चाळण बंद करा, किंवा फार झालं तर मोठ्या भोकांची वापरा, म्हणजे काडी-खडे निघतील आणि कोंडा राहील. चपाती थोडी जाड आणि लवकर कडक होते असं वाटेल. पीठ जरा सैल मळून अर्धा तास झाकून ठेवलं की कोंडा पाणी पितो आणि हा दोष जातो. रात्रीच्या दोन चपात्यांऐवजी एक भाकरी करा. ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांचंच दळून आणा; जुन्या पिठाची विरी (चिकटपणा) जाते, भाकरी थापताना कडा चिरतात, मग घरातले लोक ज्वारीला दोष देतात. विरी गेलेलं पीठ आलंच घरात, तर उकळत्या पाण्यात उकड काढून मळा. बाजरीचं पीठ तर त्याहून लवकर कडू होतं.

दुसरा आठवडा चटणीचा आणि भाजीचा. जेवणात रोज एक मोठा चमचा जवसाची चटणी (१० ग्रॅम, अडीच ग्रॅम फायबर). जवस भाजून भरड वाटलेलाच हवा, अख्खा दाणा तसाच बाहेर पडतो. बटाट्याच्या जागी आठवड्यातून चार दिवस वांगं, गवार, शेवगा, मेथी, चाकवत, करडईची कोवळी भाजी, जे बाजारात असेल ते. माणशी १०० ग्रॅम. भाजी शिजून आळते, म्हणून चार माणसांना मेथीची एक जुडी पुरत नाही; दोन घ्या. देठं टाकू नका, कोवळी असतील तेवढी चिरून घाला.

तिसरा आठवडा कडधान्याचा. आधी आठवड्यातून तीनदा, अर्धी वाटी उसळ. त्रास नसेल तर चौथ्या आठवड्यात रोज. याबद्दल पुढे सविस्तर.

चौथा आठवडा फळाचा. हंगामात असेल तर एक मध्यम पेरू, बियांसकट. १०० ग्रॅमचा पेरू आठ-साडेआठ ग्रॅम देतो, म्हणजे दोन चपात्यांहून जास्त. आठवड्याला पाचचा नियम पाळायचा तर पहिले तीन-चार दिवस अर्धाच खा. पेरू नसेल तेव्हा डाळिंबाचे दाणे, पपई, सालासकट सफरचंद, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी स्वस्त असेल तेव्हा. रस नको, फळच.

आता वरच्याच माणसाचा दिवस पुन्हा मांडू. न चाळलेल्या पिठाच्या तीन चपात्या नऊ, गवारीची भाजी पाच, अर्धा पेरू चार, मटकीची उसळ साडेचार, एक ज्वारीची भाकरी साडेपाच, जवसाची चटणी अडीच, थोडा भात एक. साडेएकतीस झाले. पोट तेवढंच भरलं, खर्च फारसा वाढला नाही.

पाणी बरोबरीने वाढवा. फायबर पाणी धरून ठेवतं, आणि ते मिळालं नाही तर मळ जास्त कडक होतो. फायबर वाढवलं आणि बद्धकोष्ठता वाढली, अशा तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं. लघवीचा रंग फिकट पिवळा राहील इतकं पाणी हवं. एप्रिल-मेमध्ये शेतात किंवा बांधकामावर काम करणाऱ्याला नेहमीचे आठ-दहा पेले पुरत नाहीत.

कडधान्य भिजवणं, मोड आणणं, शिजवणं

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा थांबून बघू.

कडधान्याने गॅस होतो तो रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करांमुळे. त्या तोडायचं पाचकद्रव्य माणसाच्या लहान आतड्यात नसतं. हीच शर्करा जिवाणूंचं आवडतं अन्न आहे, म्हणजे ती पूर्ण काढून टाकायची नाहीये, सोसेल इतकी कमी करायची आहे. ती पाण्यात विरघळते, म्हणून भिजवलेलं पाणी फेकल्याने कमी होते. दाणा मोड काढताना तीच शर्करा स्वतःच्या वाढीसाठी वापरतो, म्हणून मोडाने आणखी कमी होते. सुरुवातीला पाणी फेका आणि मोड आणा. दोन महिन्यांनी पोट सरावलं की नुसती भिजवलेली, मोड न आणलेली उसळही चालते. हिंग-ओव्याची फोडणी चवीला जरूर द्या, पण गॅसवरचं मुख्य काम भिजवण्यानेच होतं.

मटकी: चार माणसांना सपाट एक वाटी, १२० ग्रॅम. निवडून, दोनदा धुऊन चौपट पाण्यात आठ-दहा तास. उन्हाळ्यात सहा-सात तास पुरे, नाहीतर पाण्याला फेस येऊन आंबूस वास लागतो. पाणी फेका, दाणे पुन्हा धुवा, चाळणीत पाच मिनिटं निथळू द्या. ही पाच मिनिटं चुकवू नका. ओलसर दाणे हवेत, पाण्यात बसलेले नकोत. सुती फडक्यात सैल बांधून चाळणीतच ठेवा, घट्ट गाठोडं बांधलं की मधल्या दाण्यांना हवा मिळत नाही, ते गरम होऊन चिकट होतात. दहा-बारा तासांत अर्ध्या ते एक सेंटिमीटरचे मोड येतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या थंडीत चोवीस तासही लागतात; तिथे फडकं कोमट जागी, चुलीजवळ ठेवा. दाणे बुळबुळीत झाले, वास आला, तर ते टाकून द्या, धुऊन वापरू नका. मोड वाढायला लागणारी ओल आणि ऊब जंतूंनाही हवीच असते, म्हणून मोडाची कडधान्यं कच्ची खाण्यापेक्षा वाफवून खा, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर बाईला तर कच्ची मुळीच देऊ नका.

हुलगा जास्त चिवट. बारा तास भिजवणं आणि मोडाला चोवीस ते छत्तीस तास. त्यात गणंग दाणे हमखास निघतात, न भिजलेले. भिजवल्यावर हात फिरवून काढा, नाहीतर दाताखाली येतात. ज्यांना चावता येत नाही त्यांना हुलग्याचं माडगं, म्हणजे पिठाची पातळ पेज, बरं. त्यात पिठाचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे एका वाटीतून दीड ग्रॅमच्या आसपासच फायबर मिळतं. भूक आणि ऊब दोन्हींना ते चांगलं आहे, पण हिशेबात जास्त धरू नका.

वाघ्या घेवड्याला आणि राजम्याला वेगळी काळजी हवी. कच्च्या घेवड्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत उलट्या, मग जुलाब सुरू होऊ शकतात. ते मारायला उकळी लागते, नुसती ऊब पुरत नाही. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात खळाखळा उकळी आणा आणि निदान अर्धा तास तशीच उकळी ठेवा, मग आच कमी करून मऊ होईपर्यंत शिजवा. कुकर लावत असाल तर तो हे काम करतोच. विस्तवावर मंद ठेवलेलं मडकं किंवा कमी तापमानावर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं यात धोका आहे, दाणा मऊ होतो पण विष राहतं. घेवड्याला मोड आणून कोशिंबिरीत घालू नका.

मऊ होत नाही अशी तक्रार असेल तर तीन कारणं तपासा. दाणा एक-दोन वर्षांचा जुना असेल. पाणी जड असेल. जत, कवठेमहांकाळ, माण-खटावकडच्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात कॅल्शियम दाण्याच्या सालीला घट्ट करतो, तिथे भिजवायला तरी पिण्याचं गोडं पाणी वापरा. किंवा चिंच, आमसूल, टोमॅटो लवकर घातला असेल. आंबटाने साल कडक राहते, ते दाणा शिजल्यावरच घाला. भिजवताना पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं तर साल मऊ पडते. खाण्याचा सोडा टाकला तर दाणा पटकन शिजतो, पण बी-१ जीवनसत्त्व मरतं. तो टाळाच.

उसळीवर लिंबू पिळा. कडधान्याच्या सालीतलं फायटेट लोहाला धरून ठेवतं. भिजवण्याने आणि मोडाने ते कमी होतं आणि लिंबातलं क जीवनसत्त्व उरलेलं लोह शोषायला मदत करतं. जेवणावर लगेच चहा घेतला की नेमकं उलटं होतं.

शिळ्या भाताबद्दल

शिजवलेला स्टार्च थंड झाला की त्याचा काही भाग पुन्हा घट्ट बांधला जातो आणि लहान आतड्यात पचत नाही. तो फायबरसारखा पुढे जातो. ताज्या भातात असा न पचणारा स्टार्च १०० ग्रॅममागे साधारण अर्धा-पाऊण ग्रॅम, चोवीस तास फ्रिजमध्ये ठेवून गरम केलेल्या भातात दीड ग्रॅमच्या आसपास. म्हणजे फोडणीच्या भाताचा फायदा खरा आहे, पण छोटा. शिळ्या भाकरीचं तेच. पेरूशी किंवा मटकीशी त्याची बरोबरी नाही.

भात मात्र पातेल्यात झाकून रात्रभर ओट्यावर ठेवू नका. त्यात बॅसिलस सेरियस हा जिवाणू वाढतो आणि त्याचं विष पुन्हा गरम करून जात नाही. परातीत पसरून तासाभरात गार करा, फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी वाफ निघेपर्यंत तापवून संपवा.

बिघडलं तर

पोट फुगतंय पण मळ ठीक आहे: मागच्या आठवड्याच्या प्रमाणावर परत जा, दहा दिवस तिथेच थांबा, मग निम्म्या वेगाने वाढवा. सोडून देऊ नका.

कडक होतंय: पाणी मोजा. मग नाश्त्याची वेळ बघा. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आपोआप हालचाल करतं, आणि सकाळच्या खाण्यानंतर ही हालचाल जोरात असते. नुसत्या चहावर घराबाहेर पडणारा माणूस ती संधी रोज घालवतो. खाल्ल्यावर वीस मिनिटांनी शौचाला बसा. कमोड असेल तर पायाखाली सात-आठ इंचांचा पाट ठेवा, गुडघे कमरेच्या वर आले की मलमार्ग सरळ होतो.

काही जणांना गहू, कांदा, लसूण, घेवडा यांनी नेहमीच पोटात मुरडा येतो, मग कितीही हळू वाढवा. आयबीएस, म्हणजे तपासणीत दोष न दिसताही आतडं वारंवार बिघडण्याचा विकार, असलेल्यांत हे बरंच दिसतं. त्यांनी ज्वारीची भाकरी, भेंडी, गाजर, पपई आणि इसबगोल यावर भर द्यावा. कांदा-लसूण कायमचा बंद करू नये. महिन्याभराने थोडा थोडा परत आणून किती सोसतो ते ठरवावं, कारण त्यातलं इन्युलिन जिवाणूंना हवंच आहे.

इसबगोल आणि पाकिटं

इसबगोलाचा भुसा बद्धकोष्ठतेला उत्तम, आणि त्याने गॅसही फारसा होत नाही. सुरुवात रात्री सपाट एक छोटा चमचा, आठवड्याने एक मोठा चमचा. पेलाभर पाण्यात, किमान २५० मिलिलिटर, ढवळून लगेच प्या आणि वर अजून अर्धा पेला पाणी. कोरडा तोंडात टाकू नका, तो घशात फुगून अडकतो. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांनी तो घेऊच नये. बाकीच्या औषधांत आणि इसबगोलात दोन तासांचं अंतर हवं. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी आणि इसबगोल रात्री, ही सोयीची विभागणी.

इन्युलिनची पावडर घ्यायचीच असेल तर दिवसाला दोन-तीन ग्रॅमने सुरू करा. बिस्किटांवर 'हाय फायबर' लिहायला आपल्याकडे १०० ग्रॅममागे सहा ग्रॅम फायबर पुरतं. गिरणीतून आणलेल्या ज्वारीच्या पिठात दहा असतं आणि त्यात साखर-पामतेल नसतं. पाकीट उलटून मागचा तक्ता वाचा.

कोणी आधी डॉक्टरांना विचारायचं

आतड्याचं ऑपरेशन नुकतंच झालेले, आतडं अरुंद झालेले किंवा क्रोन्सचा आजार (आतड्याची जुनाट सूज) असलेले, मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियमचं बंधन असलेले. मधुमेहात इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर फायबर वाढवताना साखर उतरू शकते, म्हणून पहिले दोन आठवडे जास्त वेळा तपासा. मळात रक्त, कारण नसताना घटणारं वजन, रक्त कमी असल्याचा अहवाल, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा पंचेचाळिशीनंतर शौचाच्या सवयीत अचानक झालेला बदल, यातलं काहीही असेल तर भाकरी-उसळीचे प्रयोग बाजूला ठेवून तपासणी करून घ्या. रक्त दिसलं की मूळव्याधच असेल असं घरी ठरवू नका.

मुलांसाठी सोपा आकडा: वय अधिक पाच. सहा वर्षांच्या मुलाला अकरा ग्रॅम. त्याच्या छोट्या पोटाला मोठ्यांएवढा चोथा भरला तर बाकीचं अन्न कमी जातं. दात नसलेल्या आजी-आजोबांना ताकातल्या ज्वारीच्या कण्या, मऊ शिजवलेला शेवग्याचा गर, चुरलेली भाकरी आमटीत.

आजारपणानंतर पुन्हा सुरू करताना खालच्या पायरीवरून चढा. जुलाब लागले असतील तेव्हा उसळ, पेरू, जवस बंद; मीठ-साखरेचं पाणी, मऊ भात, मुगाचं वरण. जुलाब थांबून दोन दिवस झाले की ज्वारीची मऊ भाकरी, मग शिजवलेली भाजी, आठवड्याने अर्धी वाटी मोडाच्या मुगाची उसळ. ॲंटिबायोटिकचा कोर्स झाला असेल तरीही हाच क्रम. औषधाने जिवाणूंची संख्या घटलेली असते, त्यामुळे आधी सहज सोसणारी वाटीभर मटकीही त्या आठवड्यात पोट फुगवू शकते. दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांचं पोट पूर्वीच्या प्रमाणावर येतं.